पावणेदोनपटीचे रॉकर

आलापल्ली, जिल्हा चांदा
ता. ९ फेब्रुवारी १९५८

चि. गुणवंत यास,

आशीर्वाद लिहू नको, असं बाबांनी सांगितलं म्हणून लिहिला नाही. बाबा समोर बसले आहेत. मी बोलतो तसंच लिही, तुझी शाळेची भाषा मधात घालू नको, असंही त्यांनी बजावलं आहे. तेव्हा यापुढचे शब्द त्यांचे. हात माझा. — कमळा.

गुणवंता, मी मुखरू बोलतो. इकडं सारे खुशाल, असं लिहाची रीत आहे. खुशाल कोणी नाई. सत्तावीस जानेवारीले जंगूचा उजवा पाय गेला. गुडघ्याखालून कापला, चांद्याच्या दवाखान्यात. दहा वरसं हा माणूस माझ्या ट्रकवर बसला. चढावर गाडी थांबली का उडी मारून चाकामागं लाकडाचा ठोकळा टाकाचा, हे त्याचं काम. दहा वरसात त्याचा ठोकळा कवा चुकला नाई. त्या दिवशी बी चुकला नाई.

सारं सांगतो, म्हणजे तुले झोप येऊ नये.

मी रोज जंगलातून बांबू भरतो अन् डेपोत आणून टाकतो. रोज तीच वाट, तेच दोन चढ. लढाईतला ट्रक, दमला आता. पेरमिलीच्या वाटेवरच्या चढाले तं असा कण्हे का मलेच उतरून ढकलावंसं वाटे. म्हणून मी तुले लिवलं का रॉकर बदलाचे आहेत. माझ्या इंजनात दीडपटीचे होते. एका पंजाबी ड्रायवरनं सांगतलं का पावणेदोनपटीचे टाक, व्हॉल्व्ह जास्त उघडते, इंजन मोकळा दम घेते. मी तुले इचारलं. तू नागपूरच्या कारखान्यात रोज इंजनं खोलतो. तुले नाई इचारू तं कोणाले इचारू?

तू पेटी पाठवली. संगं चिठ्ठी. कमळीनं वाचून दाखवली. "दादा, तू म्हणतोस तसा पावणेदोनपटीचा संच पाठवतो आहे. तुझ्याच शाफ्टवर बसेल." बस. एवढंच लिवलं तू.

मी एका इतवारी बसवले. हँडल मारलं तं इंजन थोडं जड फिरलं. मले वाटलं नवा माल आहे, घासून बसन. बारा दिवस चालली गाडी. खोटं काऊन बोलू, सपाटीवर पळाली बी. चढावर मातर पहिल्यावानीच दमे. तेराव्या दिवशी चढाच्या मधात टकटक आवाज आला, मंग फटफट, मंग इंजन बंद. भरल्या गाडीले हातब्रेक पुरला नाई. गाडी मागं सरकली. जंगूनं उडी मारली, ठोकळा टाकला. चाक ठोकळ्यावर चढलं, ठोकळा निसटला, अन् चाक त्याच्या पायावर गेलं. मी केबिनमंधून त्याचा आवाज ऐकला. अजून ऐकतो.

चांद्याहून मिस्त्री आणला. त्यानं वरचं झाकण खोललं अन् मलेच इचारलं, "बापा, रॉकर बदलले तं स्प्रिंगा काऊन नाई बदलल्या? व्हॉल्व्ह जास्त उघडला का स्प्रिंग जास्त दबते. या जुन्या स्प्रिंगात तेवढी जागाच नाई. तारेच्या येढ्याले येढा भिडला. मंग सारा जोर रॉकरले ढकलणाऱ्या पुशरॉडवर गेला. हे पाह्य, दोन पुशरॉड वाकले, दोन सिलिंडर मेले." मंग म्हणे, "ज्यानं रॉकर पाठवले त्यानं सांगतलं नाई काय?"

मी म्हटलं, नाई सांगतलं.

तो म्हणे, "मंग तो मिस्त्री नोहे, खाटीक होय."

भावाले खाटीक म्हटलं अन् मी उभा राहून ऐकलं. एक ओळ लिवली असती तुनं गुणवंता, एक ओळ, का स्प्रिंगा बदलल्याबिगर बसवू नको. शाई महाग होती काय नागपुरात? आता तू माझ्या दारात पाय ठेवू नको. बापाच्या श्राद्धाले आपलं पान आपल्या घरी वाढ. मले भाऊ नाई.

वर लिहिलेलं बाबांनी दोनदा वाचून घेतलं. त्यांचा अंगठा खाली आहे.

मुखरू यांचा अंगठा


आलापल्ली
ता. २ मार्च १९५८

ती. काकाजी यांस कमळाचा नमस्कार.

हे पत्र बाबांनी सांगितलेलं नाही. ते ट्रककडे गेले आहेत. ट्रक महिन्यापासून डेपोच्या कुंपणाशी उभा आहे. बाबा रोज जातात, बॉनेट उघडतात, आत बघतात, बंद करतात आणि परत येतात.

इथे मोहाची फुलं गळायला लागली, ती वेचायला सकाळची निम्मी शाळा रानात असते. जंगूभाऊंना दवाखान्यातून घरी आणलं. दारातल्या खाटेवर बसून असतात. त्यांची मुलगी मंगली मी शिकवते त्या वर्गात आहे. मोहाची टोपली घरी टाकून धावतच येते आणि पहिल्या रांगेत बसते. बाराखडी झाली तिची, आता जोडाक्षरं चालू आहेत.

तुमचं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. घरच्या पत्त्यावर का नाही घातलं ते मी समजले, आणि समजले म्हणूनच संताप झाला. तुम्ही लिहिता, "मागच्या पानाचं काय झालं ते मला कळलं. दादाला मी काही कळवणार नाही, दोष माझ्यावर राहू दे. तू शहाणी मुलगी आहेस. वडशाच्या मंडळींना होकार कळवू ना?"

काकाजी, ही वाक्यं तुम्ही एकाच दमात लिहिली. पुन्हा एकदा मोठ्यानं वाचून बघा, बाजारात जिन्नस बदलून घेतल्यासारखी वाटतात की नाही. तुम्ही गप्प राहायचं आणि मी बोहल्यावर चढायचं. तुमच्या मनात तसं नसेलही. पण तसंच लिहिलं आहे तुम्ही, आणि लिहिलेल्यालाच मी उत्तर देणार.

आधी तुमचं सांगते, मग माझं.

बाबा तुम्हाला रॉकरचं विचारणार होते तेव्हा ते पत्रही मीच लिहून दिलं होतं. दीडपट म्हणजे काय हे मला कळेना, तेव्हा त्यांनी मला जंगूभाऊंच्या अंगणातली भात कांडायची ढेकी दाखवली. म्हणाले, "पाय इकडं पडते, मुसळ तिकडं उठते. मधातला खुंटा पायाकडं सरकवला का मुसळ जास्त उठते. रॉकर तसाच. पुशरॉड म्हणजे पाय, व्हॉल्व्ह म्हणजे मुसळ." जंगूभाऊंच्या घरच्या सोमारीबाई कांडत होत्या, त्या हसून म्हणाल्या, "मुसळ जास्त उठते खरं, पण पायाचा जीव जाते ना भाऊ." बाबांनाही हसू आलं. जी गोष्ट त्या बाईला ढेकीवर उभ्या उभ्या कळली, ती तुम्हाला कळत नव्हती असं मी कसं मानू?

तुम्हाला कळत होती. पेटीसोबतच्या चिठ्ठीच्या मागच्या पानावर तुम्ही ता. क. घालून लिहिलंच आहे. ते मला पाठ झालं आहे. "दादा, खरं सांगायचं तर हा संच पळणाऱ्या गाडीचा आहे. रोज ओझं घेऊन पहिल्या-दुसऱ्या गिअरात चढणाऱ्या ट्रकला त्याचा उपयोग नाही, तुझी दीडपटच बरी. तरी बसवायचाच असेल तर जुन्या स्प्रिंगांवर बसवू नकोस. जाड तारेच्या उंच स्प्रिंगा मागवल्या आहेत, आल्या की पाठवतो."

मग पाठवलेच का? उपयोग नाही हे ठाऊक असताना पेटी बांधलीत का? कारण मोठ्या भावाला तोंडावर नाही म्हणायची तुमची हिंमत नव्हती. पेटीतून 'हो' पाठवलंत आणि 'नाही' शेवटच्या चार ओळींत, बारीक अक्षरात, जागा उरली म्हणून. आणि त्या ओळींच्या वर काय लिहिलंत? वडशाच्या तांदूळगिरणीतले कारकून, मुलगा निर्व्यसनी, फाल्गुनात मुलगी दाखवू, पोरीचं नॉर्मल स्कूलात मास्तरकीचं ट्रेनिंग घ्यायचं खूळ डोक्यातून काढ, मास्तरकी करून तिला काय संसार करायचा आहे. पानभर माझं लग्न आणि तळाशी ट्रकच्या स्प्रिंगा. माणसाचा जीव ज्यावर आहे ते वर लिहितात, काकाजी. आम्ही पोरांना हेच शिकवतो.

आता माझं.

मी कुठलंही पत्र आधी मनात वाचते, मग बाबांना वाचून दाखवते. तुमचं तसंच वाचलं. मागचं पानही वाचलं, ता. क. सकट. मग पुढचं पान मोठ्यानं वाचलं आणि कागदाची घडी घातली. बाबांनी विचारलं, "अजून काय लिवलं?" मी म्हटलं, "झालं. आशीर्वाद आहेत."

एवढंच घडलं. एवढंसं.

मधला मजकूर गाळून स्प्रिंगांचं तेवढं वाचता आलं असतं. ते मला सुचलं, पण घडी घातल्यावर सुचलं. तोवर 'झालं' म्हणून बसले होते. आता पुन्हा उघडलं तर बाबा म्हणतील, दाखव कुठे लिहिलंय. त्यांना वाचता येत नाही, पण पान भरलेलं आहे की कोरं हे तर दिसतं. मग म्हणतील, एवढं काय काय लिहिलंय ते वाच. आणि बाबा तुमचं ऐकतात. तुम्ही शिकलेले, नागपूरचे. तुम्ही नोकरी सोडायला सांगितलं तर त्यांनी सोडायला लावलीच असती, असं मी धरून चालले.

त्या दिवशी ठरवलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी ठरवलं, रॉकर बसवायच्या आधी सांगू. पान शाळेच्या हजेरीपटात ठेवलं.

आणि तो रविवार आला. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बाबा रॉकर बसवत होते तेव्हा मी तिथेच होते. जंगूभाऊ हँडल फिरवत होते, आणि मी बाबांच्या हातात नट फिरवायचे पाने देत होते. व्हॉल्व्हमधली फट मोजायची पातळ पट्टी मीच धरली होती. हँडल जड फिरलं. जंगूभाऊ म्हणाले, "दादा, हे अडून राह्यलं." बाबा म्हणाले, "नवं आहे." मला ठाऊक होतं ते का अडतंय. तोंडापर्यंत आलं होतं. मी पट्टी पुसली आणि डब्यात ठेवली.

मग बारा दिवस मी रोज संध्याकाळी ट्रकचा आवाज यायची वाट बघायची, आला की मनात म्हणायची, बघ, काही होत नाही.

मला वाटलं होतं की तुम्हाला शिव्या देऊन मी मोकळी होईन. बाबांनी सांगितलेलं ते मागचं पत्र लिहिताना तर खाटीक हा शब्द मी जरा जास्तच ठळक लिहिला. तुम्हाला दिसला असेल. माझा राग तुमच्यावर आहे आणि तो खरा आहे, हे लिहून ठेवते. पण जंगूभाऊंचा पाय तुमच्या भित्रेपणानं अर्धा गेला आणि उरलेला अर्धा माझ्या. तुमचा अर्धा तुम्ही बघा.

होकार कळवू नका. मला त्या घरी जायचं नाही. आणि तुमच्या गप्प राहण्याची मला गरज पडू नये एवढी तजवीज मी करते. आज रविवार आहे, बाबा जेवायला येतील. ते पान मी हजेरीपटातून काढून घरी आणलं आहे. जेवण झालं की वाचून दाखवणार.

कमळा


आलापल्ली
ता. १६ मार्च १९५८

ती. काकाजी यांस नमस्कार.

काय झालं ते कळवायला बाबांनी सांगितलं आहे, म्हणून क्रमानं लिहिते.

त्या दिवशी बाबा जेवले. मी पान समोर धरलं आणि वरपासून खालपर्यंत वाचलं. त्यांनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. मग म्हणाले, "खालचं पुन्हा वाच." वाचलं. "पुन्हा." तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी माझा आवाज फुटला. ते म्हणाले, "रडू नको. वाच."

मग विचारलं, "हे कवा आलं?" मी सांगितलं, पेटीसोबत. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "लग्न नाई करत, एवढं तोंडानं सांगता नाई आलं काय तुले? माय गेल्यावर मी तुले कोणत्या गोष्टीची बळजबरी केली? एक सांग."

मी खूप आठवलं. एकही सांगता आली नाही.

मारतील असं वाटलं होतं. त्यांनी हात उचलला नाही. उठून सदरा घातला आणि म्हणाले, "चाल. हे जंगूले सांगाचं आहे. तूच सांग."

जंगूभाऊ खाटेवर होते. सोमारीबाई मोह वाळत घालत होत्या. मी अंगणात उभी राहून सांगितलं. बसायला कुणी म्हटलं नाही. ढेकीशेजारी उभी होते मी. सगळं सांगून झाल्यावर जंगूभाऊंनी बाबांना विचारलं, "म्हणजे त्या इतवारी हँडल अडलं, तवा हिले माहीत होतं?"

बाबा म्हणाले, "होय."

"मी म्हटलं होतं दादा, अडून राह्यलं म्हणून."

"म्हटलं होतं. मी नाई ऐकलं."

जंगूभाऊ मग जे बोलले ते तुमच्यासाठीही आहे, म्हणून जसंच्या तसं लिहिते. "तुमी दोघं भाऊ भांडसान, मंग गोड होसान. हे पोरगी आज रडन, मंग नोकरीवर जाईन. मी सकाळी उठलो का पहिले तो पाय खाली टाकतो अन् पडतो. रोज. तुमच्या भांडणात माझं नाव नोका घेऊ. अन् ट्रकवर मले बोलावू नोका."

सोमारीबाई त्यांच्याशी गोंडीत काही बोलल्या. मला कळलं नाही, आणि त्यांनी कळू दिलं नाही. मग मराठीत मला म्हणाल्या, "आमची मंगली उद्यापासून शाळेत येत नाई."

मी म्हटलं, "बाई, तिला माझ्या पापाची शिक्षा नका देऊ. तिला छान वाचता यायला लागलंय."

त्या म्हणाल्या, "तुले बी वाचता येत होतं."

परतलो. वाटेत बाबा पुढे, मी मागे.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पावणेदोनपटीचे बाराही रॉकर उतरवले. जुने दीडपटीचे धुऊन, तेल लावून बसवले, वाकलेल्या दोन पुशरॉडच्या जागी चांद्याहून दुसरे आणून टाकले. पाने द्यायला मला बोलावलं नाही. गेल्या मंगळवारपासून गाडी रानात जाते. चढावर पहिल्यासारखीच कण्हते. बाबा आता निम्माच बांबू भरतात आणि दोन खेपा करतात. ठोकळा टाकायला नवा माणूस ठेवलेला नाही. चढाच्या आधी थांबून ते स्वतः उतरतात, रस्ता बघतात, मग पहिल्या गिअरात घेतात.

मी मात्र रोज सकाळी शाळेआधी जंगूभाऊंच्या दारावरून जाते. मंगली मोह निवडत बसलेली असते. ती मान वर करते, सोमारीबाई तिला हाक मारतात, ती आत जाते. हजेरीपटात तिच्या नावापुढे मी गैरहजर लिहिते. नाव कापलेलं नाही. कापणारही नाही.

तुमच्यासाठी बाबांचा निरोप, त्यांच्याच शब्दांत: "गुणवंता, मागची चिठ्ठी फाडून टाक. खाटीक म्हटलं ते मी परत घेतो. पण माझा राग सारा गेला नाई. तू मले नाई म्हणायले भेतो, हे मले पहिल्यांदा समजलं. लहानपणी मी तुले मारो, त्यानं असंन. आता म्हातारा झालो, आता तं म्हण. रॉकर पेटीत भरून परत पाठवले आहेत, कोणाच्या ट्रकले देऊ नको. श्राद्धाले ये. आला का पहिले जंगूच्या दारी जा, मंग माझ्या."

स्थळाबद्दल ते म्हणाले, "तिचं ती सांगन." ते मी मागच्या पत्रात सांगितलंच आहे. पुन्हा सांगते, नाही.

आणखी एक. हे पत्र मी घरी लिहिलेलं नाही. पोस्टाच्या ओसरीवर बसून लिहिते आहे. बाबा खांबाला टेकून उभे आहेत. लिहून झालं की नानाजी पोस्टमास्तर त्यांना हे सगळं वाचून दाखवणार, त्यानंतरच ते पेटीत पडणार. यापुढे आमच्या घरी आलेलं आणि आमच्या घरून गेलेलं प्रत्येक पत्र असंच वाचलं जाईल. बाबांनी हे मला सकाळी चहा पिताना सांगितलं, रागावून नाही, आज भाजीला काय आणू असं विचारावं तशा आवाजात. ते रागावले असते तर मी भांडले असते. मला भांडता येतं, तुम्ही पाहिलंच आहे.

तेव्हा यातलं प्रत्येक वाक्य बाबांच्या कानावर जाणार हे ठाऊक असून लिहिलं आहे. त्यांना ऐकू यावं म्हणून हेही लिहिते, की बाबा, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, अजून काय लिहिलं, तेव्हा मी खोटं बोलले.

तुमची पुतणी,
कमळा

मुखरू यांचा अंगठा

सदर पत्र मुखरू यांस पाठपोट वाचून दाखविले.
नानाजी, पोस्टमास्तर